बंद दुकानांचा रविवार

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी लूर्दच्या यात्रेला जाऊन आले. गृहस्थ भाविक आहेत, तसेच व्यापारीही आहेत. बाजारपेठेत त्यांचे किराण्याचे दुकान आहे. परतल्यावर लूर्दचे पाणी आणि एक जपमाळ घेऊन ते आम्हांला भेटावयास आले. मातेच्या गुहेचे आणि रात्रीच्या मेणबत्त्यांच्या मिरवणुकीचे वर्णन करताना त्यांचा कंठ दाटून आला. परंतु निघता निघता उंबरठ्यावर थांबून ते म्हणाले, "फादर, बाकी सर्व उत्तम, पण ते लोक मात्र भारी आळशी. रविवारी दुपारी एका लहान शहरात गाडी बदलायला उतरलो, तर साधा पाव मिळेना. गिऱ्हाईक दारात उभे आणि दुकानदार आपला घरात जेवत बसलेला!"

फ्रान्सला जाणाऱ्या प्रवाशांची ही तक्रार नवी नाही. लहान गावांत दुपारच्या जेवणाच्या वेळी दुकाने मिटतात. रविवारी सकाळी पाववाला आणि मिठाईवाला तेवढे उघडे असतात. मिस्सा आटोपून वा सकाळचा फेरफटका उरकून लोक मिठाईचा खोका हाती घेऊन घरी परततात आणि दुपारचे भोजन दोन-तीन तास चालते. ऑगस्ट महिन्यात तर अनेक दुकानांच्या दारांवर सुट्टीच्या चिठ्ठ्या झळकतात. आपल्याकडील माणसाला याचे नवल वाटते, थोडा रागही येतो. आम्हीही त्या गृहस्थांना तेव्हा हसून निरोप दिला. परंतु त्यांचा 'आळशी' हा शब्द आमच्या मनातून जाईना. ज्या दारावर त्यांनी थाप मारली ते दार आळसाने बंद झालेले नाही. ते बंद करण्यासाठी त्या देशात दोनशे वर्षे भांडण चालले आहे, आणि त्या भांडणात ख्रिस्तसभेची बाजू कधी सबळ तर कधी दुबळी ठरली. ती हकिकत वाचकांपुढे मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

रविवारच्या विश्रांतीचा पहिला राजकीय हुकूम सम्राट कॉन्स्टंटाईन याने इ. स. ३२१ मध्ये काढला. तेव्हापासून ख्रिस्ती युरोपात रविवार हळूहळू रुजत गेला. क्रांतीपूर्व फ्रान्सच्या खेड्यात तो केवळ उपासनेचा दिवस नव्हता, गावाने एकत्र येण्याचा दिवस होता. प्रवचनपीठावरून विवाहाच्या घोषणा होत, तशीच राजाज्ञाही वाचून दाखविली जाई. मिस्सा संपली की मंदिराच्या दारापुढे गावकऱ्यांची सभा भरे. कुरण, रस्ता, सामाईक रान यांचे प्रश्न तेथेच सुटत. देवाची भेट आणि शेजाऱ्याची भेट एकाच घंटेवर होत असे.

या घंटेवर पहिला घाव पडला तो १७९३ साली. राजाचा शिरच्छेद झाला होता आणि जुने जग पुसून नवे उभारावे, या ध्यासाने क्रांतिकारकांना झपाटले होते. त्यांनी कालगणनाच बदलली. ५ ऑक्टोबर १७९३ रोजी नवे पंचांग मंजूर झाले. प्रत्येक महिना तीस दिवसांचा, महिन्याचे तीन भाग, प्रत्येक भाग दहा दिवसांचा, आणि विश्रांती दहाव्या दिवशी. या दहाव्या दिवसाला 'देकादी' असे नाव होते. रविवार नाही, संतांचे सण नाहीत, ईस्टर नाही. पंचांग तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख झिल्बेर रॉम यांना ग्रेग्वार या धर्मगुरूंनी विचारले की, या उद्योगाचा हेतू तरी काय? रविवार नाहीसा करणे, असे उत्तर मिळाले. त्यावर ग्रेग्वार म्हणाले की, रविवार तुमच्या आधी होता आणि तुमच्यानंतरही राहील. ही आठवण स्वतः ग्रेग्वार यांनी लिहून ठेवली आहे. ते क्रांतीच्या बाजूचे बिशप होते, क्रांतीला अनुकूल शपथ घेतल्याने रोमशी त्यांचा संबंध तुटला होता. तरीही भर सभागृहात बिशपपद सोडण्यास त्यांनी नकार दिला, हे विसरता येत नाही.

आता हिशेब पाहा. वर्षाला बावन्न रविवार होते आणि शिवाय सण होते. नव्या पंचांगात विश्रांतीचे छत्तीस देकादी आणि वर्षअखेरचे पाच-सहा दिवस. मजुराला गणित शिकवावे लागले नाही. समतेच्या नावाने आलेल्या राजवटीने आपल्या विश्रांतीचे दिवस कमी केले, हे त्याला पाठीच्या दुखण्यावरून कळले. १७९८ मध्ये कायदे करून देकादीची सक्ती झाली; त्या दिवशी दुकाने बंद ठेवणे बंधनकारक ठरले. परंतु खेड्यापाड्यांतून लोक रविवारीच धुतलेले कपडे घालून घरांतून बाहेर पडत. अनेक ठिकाणी धर्मगुरू हद्दपार झालेले होते वा लपून बसले होते. तेथे गावकरी स्वतःच मंदिरात जमत, शाळामास्तर किंवा एखादा जाणता माणूस मिस्साच्या प्रार्थना म्हणे, फक्त अर्पण आणि समर्पण होत नसे. लोकांनी या उपासनेला 'पांढरी मिस्सा' असे नाव दिले होते. धर्मगुरूवाचून रविवार सांभाळणारे हे कुणबी आणि त्यांच्या बायका आमच्यासारख्या धर्मगुरूंना नम्र करून सोडतात.

त्याच काळात लिआँ शहराजवळच्या एका शेतकरी कुटुंबात एक मुलगा वाढत होता. १७९९ साली त्याने पहिले कम्युनियन स्वीकारले, तेही एका घरात, चोरून. खिडक्यांतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून घरापुढे गवताच्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. तो मुलगा म्हणजेच पुढे आर्स गावचे धर्मगुरू झालेले संत जॉन मेरी वियानी, आम्हां धर्मग्रामप्रमुखांचे आश्रयदाते संत.

क्रांतीचे पंचांग तग धरू शकले नाही. १८०१ मध्ये नेपोलियनने पोपशी करार केला, पुढील वर्षी सरकारी नोकरांची विश्रांती पुन्हा रविवारी ठरली आणि १ जानेवारी १८०६ पासून जुने पंचांग परत आले. ग्रेग्वार यांचे शब्द खरे ठरले. परंतु घंटा परत वाजू लागली म्हणून सगळे हात थांबले, असे मात्र नव्हे. रविवारी काम करण्यास मनाई करावी अशी सूचना आली तेव्हा खुद्द नेपोलियनने १८०७ मध्ये ती फेटाळली. लोकांना रोज जेवावे लागते, तर रोज कामही करू द्यावे, असा त्याचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद आजही आपण ऐकतो. फक्त बोलणारे सम्राट नसतात.

नेपोलियनचा पाडाव झाला, राजघराणे परतले आणि १८ नोव्हेंबर १८१४ रोजी रविवार पाळण्याचा सक्तीचा कायदा झाला. येथे आम्हांला आमच्याच घराकडे बोट दाखवावे लागते. फ्रान्समधील अनेक धर्माधिकाऱ्यांनी या कायद्याचे मनापासून स्वागत केले. रविवारी दुकानाची फळी उघडी दिसली तर पोलीस येई, दंड होई. लहान गावांत मिस्साच्या वेळी मद्यगृहे बंद ठेवावी लागत. परंतु मजूर रविवारी राबतो तो देवद्वेषाने राबतो, की सहा दिवसांच्या मजुरीत सात दिवसांची चूल पेटत नाही म्हणून राबतो, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही, आणि तो विचारण्याचे धाडस व्यासपीठावरूनही फार थोड्यांनी केले. देवाचा दिवस पोलिसाच्या हाती गेला आणि लोकांच्या मनात देव आणि पोलीस यांची सांगड बसली. तिची किंमत पुढे चुकवावी लागली.

याच वर्षांत आर्समध्ये मात्र निराळा प्रयोग चालला होता. १८१८ साली फादर वियानी त्या गावी आले तेव्हा वस्ती दोन-अडीचशेची, मद्यगृहे भरलेली आणि रविवारी शेतात गाड्या चाललेल्या. या धर्मगुरूने दंड केला नाही. तो उपवास करी, तासन्‌तास मंदिरात बसे, घरोघर जाई, आणि रविवारी राबून मिळविलेला पैसा टिकत नाही हे लोकांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगे. पुष्कळ वर्षे लागली, परंतु आर्सचे शेतकरी रविवारी थांबू लागले. १८४६ च्या १९ सप्टेंबरला आल्प्सच्या डोंगरात ला सालेत येथे गुरे राखणाऱ्या मेलानी आणि मॅक्सिमँ या दोन मुलांना मातेचे दर्शन घडले. रडणाऱ्या मातेच्या तक्रारींत एक तक्रार हीच होती की, सहा दिवस माणसांना दिले, सातवाही ते देवाला देत नाहीत. १८५१ मध्ये ग्रनोब्लच्या बिशपांनी या दर्शनाला मान्यता दिली. बटाट्याच्या आणि गव्हाच्या नासाडीने गांजलेल्या त्या वर्षात रविवारचा प्रश्न हा भाकरीचाही प्रश्न होता, याची नोंद ठेवण्याजोगी आहे.

शहराची गोष्ट वेगळी. पॅरिसमध्ये येणाऱ्या दारूवर शहराच्या वेशीवर जकात असे. म्हणून वेशीबाहेर स्वस्त दारूची आणि नाचगाण्याची खुली उपाहारगृहे उभी राहिली. त्यांना 'गँगेत' म्हणत. रविवारी दुपारी कामकरी कुटुंबे तिकडे लोटत. पुष्कळ कारागीर रविवारी सकाळी राबत, आणि पगार हाती पडल्यावर सोमवारी दांडी मारून मित्रांत बसत. या सोमवारला ते थट्टेने 'संत सोमवार' म्हणत. अवलिये चित्रकार या रविवारांच्या मागे लागले. रेन्वारने १८७६ साली माँमार्त्र टेकडीवरचा रविवारचा नाच रंगविला. जॉर्ज सेराने १८८४ ते १८८६ अशी दोन वर्षे खपून सेन नदीतील ग्रांद जात बेटावरील रविवारची दुपार रेखाटली. ते चित्र आज शिकागोच्या संग्रहालयात आहे. त्यात छत्र्या आहेत, नावा आहेत, माकड घेऊन फिरणारी बाई आहे, पण कोणी कोणाशी बोलत नाही. प्रत्येक जण एकटाच उभा आहे. मंदिराच्या दारापुढची गावसभा आणि हे मुके बेट, दोन्ही फ्रान्सचे रविवारच.

आणि जे या चित्रांत नाहीत त्यांचे काय? १२ जुलै १८८० रोजी प्रजासत्ताकाने १८१४ चा कायदा रद्द केला. धर्माची सक्ती संपली म्हणून टाळ्या पडल्या. परंतु त्याबरोबर दुकानातील नोकर, कारखान्यातील बाया यांच्या डोक्यावरचे उरलेसुरले छप्परही उडाले. रविवारी काम करणे आता स्वातंत्र्य ठरले, आणि हे स्वातंत्र्य मालकाचे होते. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले, त्यात कामगाराच्या साप्ताहिक विश्रांतीचा हक्क स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे. पोलिसाची भाषा मागे पडून न्यायाची भाषा पुढे आली. उशीर झाला होता, पण ती आली.

येथे आपल्या मातीतील एका घटनेचे स्मरण करणे अगत्याचे आहे. परिपत्रकाच्या आदल्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांची रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य केली. ती मिळविली महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. रविवार हा खंडोबाचाही वार. फ्रान्सच्या कामगाराला हाच दिवस कायद्याने मिळण्यास आणखी सोळा वर्षे लागावयाची होती.

त्यासाठी एक भयंकर किंमत द्यावी लागली. १० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधील कुरिएर येथील कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. १०९९ माणसे आणि पोरे गाडली गेली. शोध लवकर थांबविण्यात आला. आणि वीस दिवसांनी, सर्वांनी आशा सोडल्यावर, तेरा जण अंधारातून चाचपडत जिवंत वर आले. सारा देश हादरला, संप पेटले. साप्ताहिक सुट्टीचे विधेयक कित्येक वर्षे सेनेटमध्ये रखडले होते, ते आता पुढे सरकले आणि १३ जुलै १९०६ रोजी कायदा झाला: आठवड्यातून चोवीस तास विश्रांती, आणि ती रविवारी. गंमत अशी की, धर्म आणि राज्य यांची फारकत करणारा कायदा याच राज्यकर्त्यांनी सातच महिने आधी, ९ डिसेंबर १९०५ रोजी केला होता. ज्यांनी धर्माला राज्यातून बाहेर काढले त्यांनीच धर्माचा दिवस राज्याच्या कायद्यात लिहिला. कारण सोपे होते. सुट्टी सर्वांना एकाच दिवशी मिळाली तरच बाप, आई आणि मुले एका मेजावर बसू शकतात. आणि सर्वांचा असा एकच दिवस लोकांच्या हाडीमांसी मुरला होता, तो म्हणजे रविवार.

दिवस मिळाला, त्याचे करावयाचे काय? या प्रश्नाला फ्रान्सच्या काही धर्मगुरूंनी दिलेली उत्तरे आम्हांला मोलाची वाटतात. फादर जूल लमीर हे उत्तरेकडील आझब्रूक येथून १८९३ पासून लोकसभेवर निवडून येत. त्यांनी १८९६ साली संस्था काढून कामगार कुटुंबांना लहान लहान जमिनी मिळवून दिल्या. पगाराव्यतिरिक्त चार वाफे भाजी, आणि सुट्टीच्या दिवशी मद्यगृहाऐवजी मुलांसह उघड्यावर चार घटका, हा त्यांचा विचार. त्यांच्या राजकारणामुळे बिशपांनी त्यांच्यावर १९१४ मध्ये बंदी घातली, ती पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्या काळात उठली. आगगाडीतून फ्रान्समध्ये फिरणाऱ्या प्रवाशाला शहरांच्या कडेला रुळांलगत भाजीच्या लहान चौकोनी बागा आणि त्यांतील लाकडी खोपटी दिसतात. त्या बागांच्या परंपरेमागे हे धर्मगुरू उभे आहेत. ओसेर गावी फादर एर्नेस्त देशां यांनी १९०५ मध्ये धर्मग्रामातील मुलांसाठी खेळाचा संघ काढला. तो पुढे इतका वाढला की १९९६ साली देशाचे फुटबॉल विजेतेपद आणि चषक दोन्ही त्याने जिंकले, आणि त्याचे मैदान आजही या धर्मगुरूंच्या नावाने ओळखले जाते. १९२७ मध्ये पॅरिसजवळच्या क्लिशी येथे फादर झोर्झ गेरँ यांनी तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ सुरू केली.

१९३६ च्या जूनमध्ये दुसरा मोठा टप्पा आला. देशभर कारखाने संपात होते. लेओं ब्लुम यांच्या सरकारने पंधरा दिवसांची पगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा हे कायदे केले. क्रीडा आणि विरंगुळ्याचे काम पाहणारे लेओ लाग्रांज यांनी सवलतीचे रेल्वे तिकीट काढले. त्या उन्हाळ्यात लक्षावधी कामगारांनी आपल्या आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. समुद्र त्यांच्याच देशाला लागून होता. लांब होता तो वेळ. पुढे १९५६ मध्ये तिसरा, १९६९ मध्ये चौथा आणि १९८२ मध्ये पाचवा आठवडा पगारी रजेत मिळाला. ऑगस्टच्या ओस रस्त्यांचे आणि दारांवरील चिठ्ठ्यांचे मूळ येथे आहे.

येथवरची गोष्ट सुखान्त वाटेल, परंतु तशी ती नाही. सुट्टी वाढत गेली, मंदिरे मात्र रिती होत गेली. फ्रान्सच्या अकरा सार्वजनिक सुट्ट्यांपैकी सहा ख्रिस्ती सणांच्या आहेत. त्या सर्वांना हव्या असतात, सण थोड्यांना आठवतो. आणि शेजार? २००३ च्या ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट आली, तिच्यात सुमारे १५ हजार माणसे दगावली. त्यांत बहुतेक वृद्ध होते. पुष्कळांची मुले सुट्टीवर, शेजारी सुट्टीवर, दारे बंद. पुढील वर्षी सरकारने वृद्धांच्या सेवेसाठी निधी उभारावा म्हणून पेंटेकॉस्टच्या सोमवारची सुट्टी बिनपगारी कामाचा दिवस ठरविली; पुढे त्यासाठी दुसरा दिवस निवडण्याची मुभा मिळाली. शेजाऱ्याच्या दारावर थाप मारण्याचे काम असे वेतनपत्रकात जाऊन बसले. विश्रांती मिळाली, पण ती कोणासोबत घ्यावयाची, हे कायद्याला सांगता येत नाही.

आता व्यापारही परतला आहे. २००९ आणि २०१५ च्या कायद्यांनी पर्यटकांच्या भागांत रविवारी दुकाने उघडण्यास बरीच मोकळीक दिली; इतरत्र महापौर वर्षातून बारा रविवारपर्यंत परवानगी देऊ शकतात. विरोध करणाऱ्यांत १९१९ साली स्थापन झालेली ख्रिस्ती कामगार संघटना होती आणि तिच्या जोडीला देव न मानणाऱ्या डाव्या संघटनाही होत्या. दोनशे वर्षांपूर्वी देकादी आणि रविवार यांच्या दोन बाजूंना उभे राहिलेल्यांचे हे वारस. आज ते एकाच दारापाशी उभे आहेत, आणि पलीकडून आवाज येतो तो नेपोलियनचाच: लोकांना रोज जेवावे लागते.

मध्यंतरी ते किराणावाले गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा ही सारी हकिकत आम्ही त्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फादर, माझ्या दुकानातला पोरगा गेली तीन वर्षे आयतवारच्या मिस्साला आलेला नाही. गिऱ्हाईक आयतवारीच जास्त. त्याला मी बुधवारी सुट्टी देतो."

"बुधवारी तो काय करतो?" आम्ही विचारले.

"काय करणार? भावंडे शाळेत, आईबाप कामावर. घरी एकटाच झोपतो."

आम्ही त्यांना उपदेश करणार होतो. परंतु त्याच क्षणी स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. आमच्या धर्मगुरुनिवासात स्वयंपाक करणाऱ्या बाई रविवारी पहाटेच्या मिस्साला घाईघाईने येतात आणि शेवटचे गीत संपण्याआधीच निघतात, कारण रविवारी आमच्याकडे पाहुणे अधिक. त्यांच्या घरी दुपारी कोण जेवायला वाढते, हे आम्ही त्यांना इतक्या वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

"आपण दोघांनीही विचार करू," एवढेच आम्ही त्या गृहस्थांना म्हणालो. त्यांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी दहाच्या मिस्साला तो मुलगा मागच्या बाकावर आईशेजारी बसलेला दिसला. दुपारी आम्ही सकाळचा पाव आणि अंडी खाऊन भागविले, आणि स्वयंपाकघराचे दार बंद होते.